मागें राहिलेलें मूल

मनुष्यास जीं सुखें न मागतां लाभतात, त्यांची किंमत तो सहसा करीत नाहीं. हवा, पाणी, ऊन यांविषयीं आपण जसे क्वचितच कृतज्ञ असतों, तसेच घराविषयींही. शाळेची शेवटची घंटा झाली कीं मुलें दप्तरें पाठीवर टाकून धांवत सुटतात. 'कोठें धांवतां?' असें कोणी विचारलें तर तीं हंसतील. घरीं जावयाचें, यांत सांगण्यासारखें तें काय? परंतु ज्यांस हें उत्तर सहज देतां येत नाहीं, अशीं मुलेंही प्रत्येक शाळेंत असतात. कोणी वसतिगृहांत राहतें, कोणी मामाकडे, कोणी थकलेल्या आजीपाशीं. 'तुझें घर कोठें?' या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं तीं क्षणभर थांबतात. या थांबण्याविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यास निमित्त झाला आहे एक तेलुगू चित्रपट.

मी सोलापुरांत शिक्षक आहें. या शहरांत तेलुगू ही परकी भाषा नव्हे. तेलंगणांतून आलेलीं पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें येथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. चादरी विणणाऱ्या पुरुषांच्या तोंडीं आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या तोंडीं ही भाषा येथें रोज ऐकूं येते. माझ्या वर्गांत दर वर्षीं दहा-पांच मुलें तरी अशीं असतात, कीं ज्यांचें शाळेंतील बोलणें मराठी आणि घरांतील तेलुगू. आमचे शेजारी याच समाजाचे. त्यांच्या घरीं गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं 'मातृदेवो भव' हा चित्रपट पाहिला. माझ्या आग्रहावरून माझे वडीलही आले होते. आमचें तेलुगू बाजारहाटापुरतें. जेथें अडे तेथें शेजारच्या मावशी अर्थ सांगत. पण उत्तरार्धांत त्यांनींही सांगणें सोडलें आणि आम्हींही विचारणें सोडलें. अर्थ सांगावा लागावा असें तेथें कांहीं उरलेंच नव्हतें.

हा चित्रपट १९९३ सालचा. दिग्दर्शक के. अजयकुमार, संगीत कीरवाणी यांचें, आणि आईची भूमिका माधवी या नटीनें केली आहे. कथा अशी: अनाथपणांत वाढलेलीं दोघें लग्न करतात व त्यांस चार मुलें होतात. नवरा गाडी चालवितो. तो मनाचा वाईट नाहीं, पण दारू त्यास सोडीत नाहीं. पुढें एका सूडानें पेटलेल्या मनुष्याच्या हातून तो मारला जातो. आणि त्या विधवेस कळतें कीं आपणांस रक्ताचा कर्करोग आहे व हातीं थोडेच दिवस उरले आहेत. तिला माहेर नाहीं, सासर नाहीं. मुलें कोणाच्या ओटींत घालावीं असें एकही नातें नाहीं. अनाथाचें जिणें कसें असतें हें तिला कोणी सांगावयास नको. म्हणून ती ठरविते कीं आपले डोळे मिटण्यापूर्वीं प्रत्येक मुलास एकेक घर पाहून द्यावयाचें.

येथून पुढें चित्रपटांत जें घडतें, त्यास दुःखाची कथा म्हणणें पुरेसें नाहीं. तें एक काम आहे. मरणाच्या दारीं उभी असलेली ती बाई तें काम नेटानें, जवळ जवळ हिशेबीपणानें करते. कोणतें घर कसें, तेथील बाईचा स्वभाव कसा, आपल्या मुलास तेथें माया मिळेल काय, हें ती पाहते. आणि समोरचीं माणसेंही तिच्या मुलांस पाहतात. एक मूल जातें, मग दुसरें. प्रत्येक वेळीं घरांतील ताटांची पंगत आंखूड होत जाते. आणि एक मुलगा मागें राहतो. त्याच्या पायांत व्यंग आहे. त्याच्या भावंडांकडे ज्यांचे हात पुढें येतात, त्यांची नजर त्याच्या पायावर जाऊन थांबते. अखेरीस त्यासही घर मिळतें. पण तें पाहावयास आई राहत नाहीं.

ही कथा मुळांत तेलुगूंतील नव्हे. त्याच वर्षीं मल्याळी भाषेंत सिबी मलयिल यांनीं 'आकाशदूत' हा चित्रपट केला. त्याची कथा डेनिस जोसेफ यांची होती, आणि त्यांतही आई झाली होती ती माधवीच. कुटुंबकल्याणाविषयींच्या उत्तम चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. मूळ कथेंतील कुटुंब ख्रिस्ती आहे. तेलुगूंत तें हिंदु झालें. नांवें बदललीं, देवघर बदललें, पण एक अश्रूही बदलावा लागला नाहीं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढें मराठींत महेश कोठारे यांनीं पद्मिनी कोल्हापुरे यांस घेऊन हीच कथा 'चिमणी पाखरं' या नांवानें आणली, आणि २००८ सालीं हिंदींत 'तुलसी' निघाला.

या सर्वांच्या मागें एक खरीखुरी आई उभी आहे. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत लूसिल फ्रे नांवाची एक शेतकऱ्याची बायको होती. १९५२ सालीं तिला कर्करोग झाल्याचें कळलें. तिला दहा मुलें होतीं, आणि नवरा एकट्यानें त्यांचा सांभाळ करण्याच्या स्थितींत नव्हता. तिनें मुलांसाठीं एकेक घर शोधून काढलें. तिच्या जीवनावर १९८३ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीनें चित्रपट केला, आणि त्यावरून आपल्याकडील कथा सुचली असें सांगतात. त्या अमेरिकन चित्रपटांतही एक मुलगा असा आहे, कीं ज्यास घर मिळणें कठीण होतें, कारण त्यास अपस्माराचा विकार आहे. देश, धर्म, भाषा हीं सर्व बदललीं तरी मागें राहणारें मूल मात्र तेंच राहिलें.

तेलुगू चित्रपटांतील एक गाणें कीरवाणी यांनीं स्वतः गाइलें आहे. गळून पडणाऱ्या फुलास उद्देशून तें लिहिलेलें आहे, आणि त्याचे कवि वेटूरि सुंदरराममूर्ति यांस त्याबद्दल गीतरचनेचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आमच्या शेजारच्या घरीं तें गाणें सुरू झालें तेव्हां विड्यांचें सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आजींचे हात थांबले. मावशी म्हणाल्या, "हें गाणें लागलें कीं आमच्याकडे काम बंद."

माझे वडील मात्र गाण्यापूर्वींच उठून अंगणांत गेले होते. पहिलें मूल परक्या घरीं गेलें, तेव्हांच ते उठले. मी त्यांच्या मागोमाग गेलों नाहीं. त्यांस एकटें राहूं द्यावें हें मला ठाऊक होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर ते आपण होऊन बोलले.

माझे वडील व माझी आत्या हीं दोघें लहानपणींच पोरकीं झालीं. वडील सहा वर्षांचे होते, आत्या चार वर्षांची. वडिलांस एका मिशनच्या वसतिगृहांत ठेवण्यांत आलें, आणि आत्यास दुसऱ्या गांवच्या एका निपुत्रिक कंपाउंडर दांपत्यानें नेलें. हें सारें मला ठाऊक होतें. जें ठाऊक नव्हतें तें त्यांनीं त्या रात्रीं सांगितलें.

"तिला नेलें त्या दिवशीं तिच्या अंगांत नवा झगा होता," ते म्हणाले. "पिवळा. ती त्या झग्याकडे पाहत गेली. माझ्याकडे तिनें वळून पाहिलें नाहीं. मला वाटलें, झग्यासाठीं ही मला सोडून गेली. किती वर्षें मी तिच्यावर रागावून होतों! आणि ती चार वर्षांची होती रे."

मीं विचारलें, "मग राग गेला केव्हां?"

"ती मॅट्रिक झाल्यावर भेटावयास आली. येतांना माझ्यासाठीं सदरा शिवून आणला होता. माप कोठून घेतलें म्हणून विचारलें, तर म्हणाली, 'दादा, तुझ्याएवढा मुलगा रस्त्यांत दिसला कीं मी त्याच्या खांद्याकडे पाहत असें.'"

यावर मीं कांहीं बोललों नाहीं, व त्यांनींही कांहीं बोलावें अशी अपेक्षा केली नाहीं.

वसतिगृहाविषयीं माझे वडील आजन्म कृतज्ञ आहेत. त्यानें त्यांस अन्न दिलें, वस्त्र दिलें, विद्या दिली. मीही आज हातीं लेखणी धरून बसलों आहें ती त्या ऋणामुळेंच. परंतु तेथील प्रत्येक वस्तूवर क्रमांक असे. त्यांच्या ताटामागें चौतीस हा आंकडा कोरलेला होता. सत्तरी उलटली तरी आजही ते जेवावयास बसतांना ताट क्षणभर उलटें करून पाहतात. आमच्या घरच्या ताटांवर कांहींच कोरलेलें नाहीं. आश्रयस्थान आणि घर यांतील अंतर कोणी मला विचारलें, तर मी याहून अधिक कांहीं सांगूं शकणार नाहीं.

मी वसतिगृहांस दोष देत नाहीं. या महाराष्ट्रांतच १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून उपाशी मुलींच्या टोळ्याच्या टोळ्या आपल्या छायेखालीं आणल्या, आणि केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. शेंकडों लेंकरें जेव्हां एका वेळीं दारीं येतात, तेव्हां प्रत्येकास वेगळें घर शोधीत बसण्यास अवसर नसतो; आधीं पेज शिजवावी लागते. परंतु पेज मिळाल्यावर मुलाची भूक संपते असें नव्हे. ती तेव्हां कोठें दिसूं लागते.

आतां आत्याची गोष्ट. तिला घर मिळालें, माया मिळाली, तिचें लग्नही त्या मातापित्यांनीं हौसेनें केलें. पण कायद्याच्या दृष्टीनें ती त्यांची मुलगी कधींच झाली नाहीं. १९५६ सालीं झालेला दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता; बौद्ध, जैन व शीख यांसही तो लागू होता, पण ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांस नव्हे. आम्हां ख्रिस्ती लोकांस १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालीं मुलाचें केवळ पालक होतां येई. आणि मूल सज्ञान झालें कीं तें पालकत्वही संपे. त्या कंपाउंडर गृहस्थांनीं मृत्युपत्र केलें नव्हतें. ते आणि त्यांची पत्नी वारल्यावर भाऊबंदांनीं घर ताब्यांत घेतलें. आत्यानें भांडण केलें नाहीं. तिनें त्या घरांतून आईचें शिवणयंत्र तेवढें मागून आणलें.

ही स्थिति आज राहिलेली नाहीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कारण आपल्या समाजांत अद्यापि पुष्कळांस तें ठाऊक नसतें. बालन्यायाचा २००० सालचा कायदा व त्यांत २००६ सालीं झालेली सुधारणा यांनीं दत्तकाचा मार्ग सर्व धर्मांच्या लोकांस खुला केला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं या कायद्यानें कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस मूल दत्तक घेतां येतें. आज २०१५ चा कायदा चालू आहे, आणि त्याप्रमाणें घेतलेलें मूल हें सर्व अर्थांनीं त्या घरचें मूल होतें. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजीं जिल्हा दंडाधिकारी देतात. पांच वर्षांच्या वरील मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते. माझ्या वडिलांस व आत्यास त्या काळीं कोणींच कांहीं विचारलें नव्हतें.

चित्रपटांतील आईनें जें केलें तें मात्र आज प्रत्येक आईस कायद्यानें करतां येणार नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्याखालीं होणारीं दत्तकें सोडलीं, तर परस्पर मूल देणें-घेणें हा आतां गुन्हा आहे. हें प्रथम ऐकतांना कठोर वाटतें. आईहून अधिक चांगली पारख कोण करणार? परंतु प्रत्येक आईस पारख करण्याइतका वेळ व धीर असतोच असें नाहीं, आणि मूल मागण्यास येणारा प्रत्येक मनुष्य मायाळू असतोच असेंही नाहीं. दारिद्र्यानें गांजलेल्या बाईच्या मांडीवरचें मूल पैशांवर डोळा ठेवून नेणारे लोक जगांत आहेत. म्हणून आज अशा आईनें बालकल्याण समितीपुढें जावयाचें असतें. तेथें ती मूल स्वाधीन करूं शकते, आणि मन पालटलें तर परत नेण्यास तिला साठ दिवसांची मुदत असते. हे साठ दिवस ज्यानें कायद्यांत घातले, त्यानें आईचें मन जाणलें होतें असें मी म्हणेन. केवळ गरिबीमुळें किंवा आजारामुळें मुलें दूर करावीं लागूं नयेत म्हणून आपल्या राज्यांत बालसंगोपन योजनाही आहे. तींतून मूल सांभाळणाऱ्या कुटुंबास दरमहा कांहीं साहाय्य मिळतें.

इतकें असूनही मागें राहणारें मूल मागेंच राहतें. २०२४-२५ या वर्षांत देशांत या कायदेशीर मार्गानें ४५१५ मुलें दत्तक गेलीं. वाट पाहणारीं कुटुंबें त्याच्या कितीतरी पट आहेत. मग आश्रमांत मुलें उरतात तीं कां? कारण बहुतेकांस तान्हें मूल हवें असतें, निरोगी हवें असतें. आठ-दहा वर्षांचा मुलगा, अधु पायाची मुलगी, एकमेकांचा हात न सोडणारीं तीन भावंडें, यांच्यापुढें येऊन पुष्कळांची पावलें मागें वळतात. कायदा दार उघडतो. आंत कोणास बोलवावें हें तो सांगूं शकत नाहीं. तेलुगू चित्रपटांतील त्या लंगड्या मुलास पाहून शेजारच्या घरीं आम्ही सर्व जण रडलों. पण माझ्या मनांत असें आलें कीं, रडणें सोपें आहे; आपल्यापैकीं किती जण त्याचाच हात आधीं धरतील?

विद्यार्थी मित्रहो, दत्तक घेणें हें वडील माणसांचें काम. तें तुम्हांस आज करावयाचें नाहीं. परंतु तुमच्या वांट्यासही कांहीं येतें. आपल्या वर्गांत अशीं मुलें आहेत. त्यांस दया नको असते. डब्यांतील लाडू देतांना 'बिचारा' म्हणूं नका. 'अर्धा माझा' म्हणा, म्हणजे तो घेईल. सुटीच्या दिवशीं एखाद्यास घरीं न्या. त्यास पाहुण्यासारखें पाटावर बसवून ठेवूं नका; पाणी भरावयास, भाजी निवडावयास लावा. ज्या घरांत आपणांस काम सांगतात तें घर आपलें, हें मुलांस फार लवकर कळतें.

आम्हां शिक्षकांच्या वांट्यासही येतें. दर वर्षीं लहान वर्गांत 'माझी आई' या विषयावर निबंध लिहावयास देण्याची प्रथा आहे. विषय सुंदर आहे. पण चाळीसांत दोघे-तिघे असे असतात, कीं तारीख व विषय लिहून झाल्यावर त्यांची लेखणी पुढें जात नाहीं. मी कांहीं वर्षांपासून 'मला वाढविणारीं माणसें' असा विषय देतों. ज्यांस आई आहे तीं आईविषयीं लिहितात. इतर आजीविषयीं, थोरल्या बहिणीविषयीं, वसतिगृहांतील स्वयंपाकिणीविषयीं लिहितात. एका मुलानें लिहिलें होतें कीं, आमच्या स्वयंपाकीण मावशी भाकरी मोजून देतात, पण माझ्या वेळीं त्या मोजतांना चुकतात. दहा वर्षांत याहून चांगलें वाक्य मीं तपासलेलें नाहीं.

कोणास एखादें मूल निराधार किंवा संकटांत दिसलें, तर १०९८ हा क्रमांक ध्यानांत ठेवावा. मुलांच्या साहाय्याची ही सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली, आणि आज देशांत कोठूनही त्या क्रमांकावर हांक मारतां येते. दूरध्वनि करण्यास मोठें धैर्य लागत नाहीं. रस्त्यांतून जातांना थांबावयास मात्र लागतें.

'मातृदेवो भव' हा उपदेश फार जुना आहे, आणि आपण तो मुलांस करीत आलों आहों: आईस देव मान. हा चित्रपट पाहिल्यावर मला वाटलें, कीं त्याची दुसरी बाजू वडील माणसांसाठीं आहे. ज्या मुलास देव मानावयास आईच उरली नाहीं, त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं कोणास तरी आई व्हावें लागतें. आणि ज्यास कोणी न्यावयास येत नाहीं, त्याच्यासाठीं तर अगोदर व्हावें लागतें. पंगत वाढतांना शेवटच्या ताटास पहिल्या ताटाइतकेंच वाढणें हा आपल्याकडील जुना शिष्टाचार आहे. मुलांच्या बाबतींत आपण शेवटच्या ताटापासून आरंभ करण्यास शिकलों, तर मागें कोणी राहणार नाहीं.